मराठीतला पहिला विनोद

आमच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला आणि काही दिवसांतच तिथे अफगाणिस्तानातलं एक कुटुंब राहायला आलं. नवरा, बायको आणि पाचेक वर्षांची मुलगी. नवरा आधीपासूनच इकडे होता. जवळच्या शेतकी कॉलेजात तो डाळिंबावरच्या रोगांचा अभ्यास करत होता. तो शिकत असतानाच तिकडे देशात सगळं उलटंपालटं झालं. परत जाण्यात जिवाचा धोका होता, म्हणून नाना खटपटी करून त्याने बायकोला आणि मुलीला इकडे आणलं. आमच्या देवळाली प्रवरात भाड्याच्या खोल्या पुष्कळ, पण यांना कुणी खोली देईना. माणसं वाईट नव्हती, बिचकत होती. जो तो म्हणे, आधी इथल्या पत्त्याचा पुरावा दाखवा. आणि पत्त्याचा पुरावा मिळायचा तर आधी इथे कुठेतरी राहायला हवं.

माझे यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. मोळीतला ऊस सुटा करावा तसा ते कुठलाही गुंता सोडवायला बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्त्याला घर लागतं अन् घराला पत्ता लागतो. कुठून तरी सुरुवात करायलाच पाहिजे ना? आपण घरापासून करू." मग त्या नवऱ्याला घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले, भाडेकरूची रीतसर नोंद केली आणि संध्याकाळी दोन ट्रंका, एक गालिचा आणि एक भलाथोरला कुकर आमच्या जिन्यावरून वर गेला.

मी इथल्याच माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. त्यामुळे शिक्षक माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. ही बाई तिकडे मुलींच्या शाळेत गणित शिकवायची हे तिच्या नवऱ्याने सांगण्याआधीच मला संशय आला होता. मुलगी जिन्यावर दंगा करायला लागली की ती नुसतं एक बोट वर करून तिच्याकडे बघायची आणि मुलगी होती तिथे थांबायची. ती नजर घरात येत नाही, वर्गात कमवावी लागते.

बोलण्याची मात्र मोठी पंचाईत होती. त्यांची भाषा दारी, म्हणजे फारसीची बहीणच. नवऱ्याला हिंदी चांगलं येई, मराठीही बऱ्यापैकी. तिला टीव्हीवरच्या हिंदी मालिका पाहून थोडंफार समजायचं, पण बोलता येत नसे. त्यामुळे मी काहीही विचारलं की ती मान खाली घालून "हां जी" म्हणायची.

"वर पाणी येतंय का?"

"हां जी."

"की येतच नाहीये?"

"हां जी."

आमचं खरं बोलणं चाले ते ताटवाट्यांमधून. ती कांद्याची पात भरून केलेल्या पातळ पोळ्या खाली पाठवायची. त्या आमच्याकडे इतक्या आवडल्या की यजमान जेवायला बसण्याआधी जिन्याकडे बघायला लागले. मी वर पुरणपोळी पाठवली. डाळ भरलेली पोळी आणि तीही गोड, हे तिच्या कल्पनेबाहेरचं होतं. तिने ती लिंबाच्या तिखट लोणच्याबरोबर खाल्ली, असं मुलीने पुढे कधीतरी सांगून टाकलं.

मला ती "बाई जान" म्हणायची. येता-जाता पोरं मला "बाई" म्हणून हाक मारतात हे तिने ऐकलं होतं. त्याला तिने आपल्याकडची मायेची शेपटी जोडली.

त्या वर्षी नववीचा वर्ग माझ्याकडे होता. शिकवता शिकवता एके ठिकाणी "निर्वासित" हा शब्द आला आणि मी त्याचा अर्थ विचारला. आमच्या वर्गात पहिल्या नंबराचा एक मुलगा होता. हात वर केला नाही तर त्याच्या खांद्यात कळ येत असावी. तो उठून म्हणाला, "बाई, निर्वासित म्हंजे लढाईमुळं आपला देश सोडून आलेली मानसं. दुसऱ्या देशात आली की सुटली."

"सुटली म्हणजे?"

"म्हंजे संपला की त्यांचा त्रास. तिथं गोळ्या न्हाईत, बॉम्ब न्हाईत. मंग आता काय राह्यलं?"

सगळ्या वर्गाला हे पटलं. मी समजावायला लागले की आल्यानंतर भाषा येत नाही, काम मिळत नाही, घर मिळत नाही, आणि पाहते तर पोरांनी वह्या उघडून भराभर मुद्दे उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. पाच मार्कांचा प्रश्न तयार झाला होता. मी खडू खाली ठेवला. आपण काय सांगतोय ते यांच्या वहीत जातंय, पण त्यापुढे कुठेच जात नाहीये, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी मी वर गेले. नवरा घरी होता. मी त्याला म्हटलं, तुमच्या बायकोला एकदा माझ्या वर्गात येऊन पोरांशी बोलायला सांगाल का? त्याने तिला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग बराच वेळ बोलली. नवरा ओशाळल्यासारखा झाला.

"काय म्हणतात त्या?"

"ती म्हणते, पोरांना रडवायचं असेल तर दुसऱ्या कुणाला बघा. भेटतो तो माणूस बंदुकांचं विचारतो. तुम्ही इथे टोमॅटो कसे विकत घेता, असं कुणीच विचारत नाही."

"म्हणजे नाही येणार?"

तो तिच्याशी पुन्हा बोलला. या वेळी तिने उत्तर देताना एक बोट वर केलं.

"ती म्हणते, भाषण नाही करणार. तास घेईन. गणिताचा." तो थोडा घुटमळला. "आणि मी बरोबर यायचं नाही, अशी अट आहे."

आमचे मुख्याध्यापक मनाने चांगले, पण कागदाला भिणारे. या बाईंना आपल्या देशात नोकरी करायची परवानगी नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "पगार नाही ना द्यायचा? सही नाही ना घ्यायची?" दोन्हींना नाही म्हटल्यावर त्यांना एकदम हुशारी आली. "मग पाहुण्या म्हणून येऊ द्या की. पाहुण्याला काय, चहा पाजला की झालं."

ती आली ती हिरवा रुमाल डोक्यावरून घेऊन, आणि पायरी चढताना घातलेल्या चपला वर्गात शिरेपर्यंत शिक्षकाच्या चपला झाल्या होत्या. टक, टक, टक. पोरं कौतुकाने उभी राहिली. तिने त्यांना हाताने बसवलं आणि एकही हिंदी शब्द न उच्चारता थेट दारीत शिकवायला लागली. आमच्या घरी "हां जी"च्या पुढे न जाणारी बाई इथे धबधब्यासारखी बोलत होती. तिने फळ्यावर गणितं मांडली. तीही तिच्या अंकांत. पाच म्हणजे पत्त्यातला बदाम उलटा धरल्यासारखा, सात म्हणजे इंग्रजीतला व्ही आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

पहिली काही मिनिटं पोरं खिदळली. मग तिने एकेकाला उठवून प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि खिदळणं आटलं. ती रागावत नव्हती. उत्तर आलं नाही की फक्त मान जराशी हलवायची, "असू दे, बैस" अशी. शेवटच्या बाकावरच्यांना त्याचं काही वाटलं नाही, ती मान त्यांच्या ओळखीची होती. पण पहिल्या नंबराच्या मुलाला तिने फळ्यापाशी बोलावलं, हातात खडू दिला आणि एका बेरजेवर बोट ठेवलं. तो अंकांकडे बघत राहिला. तिने प्रश्न पुन्हा सांगितला, सावकाश आणि जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावा तसा. मागून कुणीतरी हसलं. मुलाचे कान लाल झाले. तिने तीच मान हलवली आणि त्याच्या हातातून खडू काढून घ्यायला हात पुढे केला.

तसा तो ओरडला, "अहो मॅडम, मला येतं हो हे! बेरीज येती मला! तुमी आपल्या आकड्यांत सांगा ना, मी आत्ता करून दाखवतो!"

तिने त्याच्याकडे छान हसून पाहिलं. आपल्याला एक अक्षरही कळलं नाही अशा चेहऱ्याने.

मग तिने खडू ठेवला. हाताची पांढरी पूड झटकली. त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ती वर्गाकडे वळली आणि तासातलं पहिलं हिंदी बोलली. आधी त्याच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

"ये लडका... मैं."

एवढंच. कुणी वही उघडली नाही. मुद्दे उतरवून घ्यावेत असं त्यात काही नव्हतं.

मधल्या सुट्टीनंतर दुसरा भाग होता. याची तयारी तिने आणि मी आधी केली होती. व्हरांड्यात तीन टेबलं लावली. एक घर भाड्याने मिळण्याचं, एक मोबाईलच्या सिमकार्डाचं आणि एक मुलाच्या शाळाप्रवेशाचं. पोरांनी गट करून जायचं आणि तिन्ही कामं करून आणायची. घराच्या टेबलावर मी होते आणि मोबाईल नंबर मागत होते. सिमच्या टेबलावर आमचे चित्रकलेचे सर पत्ता मागत होते. शाळाप्रवेशाच्या टेबलावर ती बसली होती. माझा जुना चष्मा तिने नाकाच्या टोकावर ठेवला होता, पुढ्यात चहाचा कप होता, आणि मराठीतली दोन वाक्यं तिने वर्षभर कचेऱ्यांच्या बाकांवर बसून इतकी अचूक ऐकली होती की कुणा पुणेकरालाही तो उच्चार साधला नसता.

पहिला गट टेबलापाशी गेला. ती समोर कुणी नसल्यासारखी कागद चाळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "साहेब जेवायला गेलेत."

पोरं थांबली. तिने चहाचा घोट घेतला. कपात फुंकर मारली. खिडकीबाहेर पाहिलं. पोरांकडे पाहिलं, जणू ही आत्ताच उगवली आहेत.

"उद्या या."

व्हरांडा हसून हसून फुटायची वेळ आली. शेजारच्या वर्गांतली पोरं दारात येऊन उभी राहिली. मुख्याध्यापक काय झालं म्हणून बाहेर आले आणि तेही हसू दाबत परत आत गेले. ती मात्र गंभीरपणे पुढच्या गटाचे कागद उलटे धरून वाचत होती. दाखला तिकडच्या लिपीत आहे, हा चालणार नाही, अशी मान हलवत होती. शाळा सुटेपर्यंत एकाही गटाची तिन्ही कामं झाली नाहीत. एका मुलीला तर खरंच रडू यायला लागलं होतं आणि त्याच वेळी ती हसतही होती.

त्या संध्याकाळी नवरा खाली आला. म्हणाला, "आज तुम्ही हिला काय खायला घातलंत? घरी आल्यापासून बोलतेच आहे." मग खुर्चीवर बसला आणि त्याचा आवाज बदलला. "बाई, तुम्हाला एक सांगतो. तिकडे हिच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ही आली की लोकांचा चहा गार व्हायचा, इतकं हसवायची. लग्नघरी बायका हिच्याजवळची जागा धरून ठेवायच्या. दारीमध्ये ती फार विनोदी आहे हो. इथे ती फक्त बिचारी आहे. आज ती म्हणते, इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्यामुळे कुणी हसलं."

यजमान म्हणाले, "मग चांगलंच झालं की."

"पण तिचं समाधान नाही," तो हसत म्हणाला. "म्हणते, नक्कल तर माकडही करतं. शब्दांनी हसवलं तर खरं."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून, डोंगरातल्या गावाहून शिकायला आलेली एक मुलगी होती, मामाकडे राहायची. वर्गातली सगळ्यात बडबडी. ती उठली. "बाई, मला म्हाईती हाय ते. मी सातवीत हितं आले ना, तवा 'दुपारी भात खाल्ला' एवढं म्हनलं तरी ही पोरं हसायची. माझं बोलनंच येगळं वाटायचं ह्यांना. मंग मी लई दिस गप्प बसले. तुमाला वाटलं, पोरगी गरीब सोभावाची हाय."

"तू? गरीब सोभावाची?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि ती स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली. मग खाली बसता बसता म्हणाली, "व्हय. तसंच झाल्तं."

पहिल्या नंबराच्या मुलाने हात वर केला. "बाई, मॅडमना आपुन मराठी शिकवू. विनोद करता येईल एवढं."

शनिवारी शाळा लवकर सुटते. त्या दुपारी आमच्या गच्चीवर वर्ग भरायला लागला. सगळी येत नसत, पण सात-आठ जणं ठरलेली. पोरांनी आधी आपल्याकडचे तयार विनोद आणले. गुरुजी आणि बंड्या, डॉक्टर आणि पेशंट. ती लक्ष देऊन ऐकायची, अर्थ समजून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "बस? खतम?" पोरांचा हिरमोड व्हायचा. मग ती तिकडचे विनोद सांगायची, आणि तिच्या प्रत्येक विनोदात कुठून तरी एक गाढव यायचं. नवरा भाषांतर करायचा. गाढवाचं नाव त्यांच्या भाषेत "खर".

"खरं?" मी आश्चर्याने म्हटलं.

ती दचकली. नवऱ्याकडे वळून काहीतरी बोलली, आणि तो गालिच्यावर आडवा व्हायचाच राहिला. हसण्याने त्याला बोलता येईना. कसंबसं म्हणाला, "बाई, ही विचारते, मी काही सांगितलं की बाई जान दर वेळी इतक्या प्रेमाने मला गाढव का म्हणतात?"

मला एकदम सगळं आठवलं. मुलीला ताप आहे. खरं? आईचा फोन लागत नाही. खरं? बिचारीने एवढे दिवस ते निमूटपणे ऐकून घेतलं होतं!

मग तर तिला चेव आला. ती म्हणाली, असंच आणखी एक आहे. ती नवीन आली तेव्हा गल्लीतल्या बायका येऊन विचारायच्या, "तुमचं गाव कोणतं?" त्यांच्या भाषेत "गाव" म्हणजे गाय. हिला वाटलं, शेतकऱ्यांचा मुलुख आहे, माणसाची चौकशी करण्याआधी गायीची करत असतील. हिच्याकडे तर गाय नव्हती. म्हणून ती खिन्नपणे मान हलवून सांगायची, "गाव नहीं."

"अन् मंग?" पोरांनी विचारलं.

मग काय, बायकांच्या डोळ्यांत पाणी. अगं बाई, हिला गावच उरलं नाही! एकीने लाडू आणून दिले, दुसरीने साडी दिली. हिला नवल वाटायचं, की गाय नसल्याचं या लोकांना एवढं दुःख व्हावं?

त्या दुपारी आमच्या गच्चीवर झालेला दंगा ऐकून शेजारच्यांनी खालून विचारलं, काही कार्यक्रम आहे का.

सगळे शनिवार असे नव्हते. कधी ती वर्गाला बसायची नाही, कारण आईशी फोन अर्ध्यावर तुटलेला असायचा. कधी दोघं नगरला गेलेली असायची. परदेशी माणसांच्या मुक्कामाची मुदत वाढवून घ्यायला तिथल्या कचेरीत जावं लागे, आणि एका खेपेत काम झालं असं क्वचितच घडे. पोरं यायची, वर कुलूप बघायची आणि काही न विचारता घरी जायची. आधी याच पोरांनी "कुठं गेल्यात?" म्हणून माझा जीव खाल्ला असता.

जानेवारीत झेंडावंदन झालं. आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे बागायतदार. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गळ्यात आवाज असा की माईकची गरज नाही. झेंडावंदनानंतर व्हरांड्यात चहा चालला होता. तीही मुलीला घेऊन आली होती आणि नववीची पोरं तिच्याभोवतीच घोटाळत होती. अध्यक्षांचं लक्ष गेलं. मुख्याध्यापकांनी सांगितलं, या अमुक बाईंच्या भाडेकरू. अध्यक्ष पुढे आले, हात जोडले आणि त्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला.

"गाव कंचं ताई तुमचं?"

पोरांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला. तिने अध्यक्षांकडे पाहिलं, मग पोरांकडे. आणि अगदी सावकाश, एकेक शब्द पारखून, मराठीत म्हणाली, "माझं गाव तिकडं राहिलं, दादा. आता दूध शेजारी काढतात."

आणि मग पोरं जी फुटली! पहिल्या नंबराचा मुलगा खांबाला धरून हसत होता. अकोल्याची मुलगी टाळ्या पिटत होती. चिमुरडी कशासाठी ते न कळून उड्या मारत होती. अध्यक्ष बावरून इकडेतिकडे बघायला लागले. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आपल्या शाळेत अध्यक्षांची चेष्टा झाली की काय, अशी भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिली होती.

तीन-चार पोरं एकदम समजावायला लागली. "आबा, त्यांच्यात गाव म्हंजे गाय! तुमी गाव इचारलं ना, तर मॅडम म्हनाल्या..."

म्हाताऱ्याला उमजायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि ते पोटापर्यंत पोचलं. डोळे पुसत तो म्हणाला, "आगं बाई, मंग आमच्या गावाचं बी तसंच हाय की! चारा आमी घालायचा अन् दूध दुसऱ्यांनी काढायचं!"

आता व्हरांड्यातली मोठी माणसंही हसायला लागली. तिने पोरांना विचारलं, काय म्हणाले? पोरांनी हिंदी-मराठी-हातवारे सगळं एकत्र करून सांगितलं. तिला कळलं तेव्हा तिने डोक्यावरचा रुमाल तोंडावर धरला आणि मनसोक्त हसली. तिने एक विनोद केला होता आणि समोरून त्याला उत्तर आलं होतं. नुसतं हसणं मिळण्यापेक्षा हे कितीतरी मोठं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं.

परत येताना रस्त्यात ती मला म्हणाली, "बाई जान, गाव खरंच आहे एक. आई के पास." तिकडे त्यांच्या घरी खरोखरच एक गाय होती, आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून दूध खरोखरच शेजारीण काढत होती. मी "खरं?" म्हणणार होते. आयत्या वेळी जीभ चावली. तिच्या ते लक्षात आलं आणि आम्ही दोघी भर रस्त्यात पुन्हा हसलो.

वार्षिक परीक्षेत मी तो पाच मार्कांचा प्रश्न मुद्दाम घातला. निर्वासितांना नव्या देशात आल्यावर कोणत्या अडचणी येतात? घर, भाषा, रोजगार हे सगळ्यांनी लिहिलं. पण एका मुलाने, जो एरवी काठावर पास होतो, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "त्यांना सगळं येत असतं पण ते कोणाला माहीत नसतं. आणि त्यांना लवकर विनोद करता येत नाही." मी पाचापैकी पाच दिले. खाली कसला शेराही मारला नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. तिचा भाऊ एका थंड देशात स्थिरावला होता, त्याच्याकडे जायची परवानगी अखेर मिळाली. टेम्पोत सामान चढवायला नववीची, म्हणजे तोवर दहावी झालेली, पोरं झाडून हजर होती. मुलीला मराठी इतकं पक्कं झालं होतं की "मी न्हाई जानार, माझी शाळा हितं हाय" असं ती टेम्पोत बसून आमच्याच ठसक्यात सगळ्या गल्लीला ऐकवत होती. यजमानांनी डाळिंबांची एक पेटी आणली. नवऱ्याने एकेक फळ उलटंपालटं करून पाहिलं, डाग नाही ना, आणि मग हसून पेटी घेतली.

अधूनमधून फोन येतो. तिथे घर मिळालं, मुलगी शाळेत जाते, नवऱ्याला एका रोपवाटिकेत काम लागलं. ती भाषेच्या वर्गाला जाते. "कसं चाललंय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पुन्हा पहिलीत, बाई जान. पण या वेळी भीती कमी आहे. एकदा पास झाले आहे ना."

यंदाच्या नववीने त्या तासाची हकीकत मोठ्या पोरांकडून ऐकली होती. आम्हाला पण तो तास पाहिजे म्हणून ती माझ्या मागे लागली. माझ्याकडे आता वर राहणारी गणिताची बाई नव्हती. मग मला अकोल्याच्या मुलीची आठवण झाली. ती आता अकरावीला आहे. तिला बोलावलं. ती आली आणि तिने भाताच्या लावणीवरचा अख्खा तास आपल्या डोंगरातल्या घरच्या बोलीत घेतला, आजी-आजोबांशी बोलते त्या बोलीत, त्याच वेगाने. आपल्याच जिल्ह्यातलं मराठी, पण आमच्या पोरांना धड चार शब्द कळेनात. प्रश्न विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. ती मान हलवायची, "असू दे, बैस."

तास संपला तरी पोरं तिला सोडेनात. बाकावर चढून, तिच्याभोवती गर्दी करून एकेक शब्द विचारत होती. ह्याला काय म्हनत्यात, त्याला काय म्हनत्यात. मी दारात उभी होते. एका मुलाने आवाज खाली करून विचारलं, "ताई, एखादी शिवी शिकवा ना तुमच्यातली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला ऐकू आलं नाही असं दाखवून मी स्टाफरूमकडे वळले.